सवलतीचे तिकीट आणि बदललेला बेत

रेल्वेचे तिकीट म्हणजे भाडे भरल्याची पावती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खिडकीपाशी पैसे द्यावेत, तिकीट घेऊन खिशात ठेवावे आणि तपासनीस आला की दाखवावे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध येतो. बेत ठरल्याप्रमाणे पार पडला तर ही समजूत अपुरी आहे हे कधी कळतही नाही. परंतु लग्नाची तिथी पुढे गेली, परीक्षा लांबली किंवा घरात कोणी आजारी पडले म्हणजे तिकीट हा एक करार आहे आणि त्या कराराच्या अटी आपण कधीच वाचलेल्या नाहीत, ही गोष्ट एकाएकी समोर उभी राहते. तिकीट सवलतीचे असेल तर या अटी बहुधा अधिक कडक असतात. त्या तशा का असतात आणि बेत बदलला असता सवलतीच्या तिकिटाचे काय होते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

तिकीट घेताना प्रवासी वस्तुतः तीन गोष्टी विकत घेत असतो. पहिली गोष्ट म्हणजे एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत नेले जाण्याचा हक्क. दुसरी, आरक्षण केले असल्यास, ठरावीक गाडीत ठरावीक जागा. तिसरी गोष्ट तिकिटावर कोठेही छापलेली नसते. ती म्हणजे आपला विचार बदलण्याची मुभा. तारीख पुढे ढकलता येणे, गाडी बदलता येणे, न जाण्याचे ठरविल्यास पैशांचा काही भाग परत मिळणे, हे सारे या तिसऱ्या गोष्टीत येते. पूर्ण भाड्याच्या तिकिटात ही मुभा थोडीबहुत अंतर्भूत असते. भाड्यात सूट मिळते तेव्हा पहिल्या दोन गोष्टींना सहसा हात लागत नाही. प्रवासी तोच, गाडी तीच, आसनही तेच राहते. जे कमी केले जाते ते या तिसऱ्या गोष्टीतून.

सहलीच्या तिकिटांचा काळ

ही पद्धत नवी नाही. १८४१ च्या जुलै महिन्यात थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने मद्यपानविरोधी सभेसाठी लेस्टर ते लफबरो अशी खास गाडी ठरविली आणि सुमारे पाचशे माणसांना प्रत्येकी एक शिलिंगात जाऊन-येऊन प्रवास घडविला. पुढे सहलीचे तिकीट हा रेल्वे कंपन्यांच्या व्यवसायाचा एक मोठा भाग झाला. भाडे अतिशय कमी, पण जायचे ते त्याच गाडीने आणि परतायचेही नेमून दिलेल्या गाडीने. ज्याला हे मान्य नसेल त्याने पूर्ण भाडे भरावे, असा सरळ व्यवहार होता.

या तिकिटांवर एक छोटेसे वाक्य छापलेले असे : अटींसाठी मागील बाजू पाहा. मागील बाजूस अटी नसतच. त्या कंपनीच्या वेळापत्रकात पाहाव्यात, एवढेच तेथे सांगितलेले असे. या वाक्याचे वजन किती, याचा निर्णय इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९२९ मध्ये एका खटल्यात दिला. थॉम्पसन विरुद्ध लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे कंपनी या नावाने तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. डार्वेन ते मँचेस्टर या सहलीचे तिकीट दोन शिलिंग सात पेन्सचे होते. ते एका स्त्रीसाठी तिच्या भाचीने काढले. त्या स्त्रीला स्वतःला वाचता येत नव्हते. परत आल्यावर गाडीतून उतरताना तिला दुखापत झाली. कंपनीने आपल्या वेळापत्रकाकडे बोट दाखविले. त्याच्या ५५२ व्या पानावर, सवलतीच्या तिकिटाने जाणाऱ्यांना इजा झाल्यास कंपनीकडे दाद मागता येणार नाही, अशी अट होती. हे वेळापत्रक विकत घ्यावयाचे तर सहा पेन्स पडत, म्हणजे तिकिटाच्या किमतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. प्रवाशांना अट कळावी म्हणून कंपनीने पुरेसे काही केले नाही, असे ज्यूरीचे मत पडले. तरीही निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सहलीच्या तिकिटाला अटी असतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तिकिटावर त्यांचा निर्देश असल्यावर त्या वाचल्या की नाहीत हा प्रश्न उरत नाही, असे न्यायालयाने धरले.

आज हा निकाल वाचताना मन अस्वस्थ होते आणि ते योग्यच आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी अशा छापील अटींनी झटकता येणार नाही, असा कायदा ब्रिटनने १९७७ मध्ये केला. पण निकालाचा दुसरा भाग अजून जिवंत आहे. स्वस्त तिकीट घेणाऱ्याने त्याच्या मागे अटी आहेत हे गृहीत धरले पाहिजे, आणि त्या न वाचल्याचे कारण पुढे करता येत नाही, हे तत्त्व निरनिराळ्या देशांतील रेल्वे आजही पाळतात. वेळापत्रकाच्या ५५२ व्या पानाची जागा आता संगणकाच्या पडद्यावरील एका लहान चौकोनाने घेतली आहे. त्यात खूण केल्याशिवाय तिकीट निघत नाही, आणि खूण करणाऱ्यांपैकी फारच थोडे जण अटी वाचतात.

रेल्वे सवलत का देते

रिकामी शायिका ही नाशवंत वस्तू आहे. दुकानदाराचा न खपलेला तांदूळ उद्या विकता येतो. स्थानकातून सुटलेल्या गाडीतील रिकामी जागा मात्र कायमची गेली. गाडी भरलेली असो वा अर्धी रिकामी, इंजिन, इंधन, चालक, रूळ, सिग्नल यांचा खर्च जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून रिकामी राहणारी जागा कमी भाड्यात का होईना भरणे रेल्वेला परवडते. अडचण अशी की, भाडे सर्वांसाठीच कमी केले तर पूर्ण भाडे सहज देऊ शकणारे प्रवासीही तेच कमी भाडे देतील. तेव्हा स्वस्त तिकीट ठेवावयाचे, पण त्याच्याभोवती असे कुंपण घालावयाचे की ज्याला पूर्ण भाडे परवडते त्याला ते ओलांडणे नकोसे वाटावे.

फ्रान्समधील स्थापत्य अभियंता झ्यूल द्युपुई याने १८४९ मध्येच हे मर्म ओळखले होते. तिसऱ्या वर्गाचे डबे उघडे व बाके लाकडी ठेवण्यामागे छप्पर घालण्याचा खर्च वाचविणे हा हेतू नाही, असे त्याने दाखवून दिले. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्यांनी तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे. त्या काळी कुंपण उन्हापावसाचे होते. आज ते बेत बदलण्याच्या मनाईचे आहे. व्यापारानिमित्त फिरणाऱ्या माणसाला बैठक कधी संपेल हे सांगता येत नाही, म्हणून तो न बदलता येणारे तिकीट घेणार नाही. सुटीत आईला भेटावयास जाणारा विद्यार्थी मात्र दोन महिने आधी तारीख ठरवू शकतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅडव्हान्स या नावाने विकली जाणारी तिकिटे नेमकी याच तत्त्वावर चालतात. ती त्याच गाडीपुरती असतात. गाडी चुकली तर तिकीट निरुपयोगी ठरते, आणि बेत बदलल्यास पैसे परत मिळत नाहीत.

या विचारसरणीत एक उणीव आहे आणि ती अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फारशी सांगितली जात नाही. बेत पक्का ठेवता येणे हीदेखील एक प्रकारची सुबत्ता आहे. ज्याची रजा मालकाच्या मर्जीवर, ज्याची तारीख डॉक्टरच्या यादीवर किंवा ज्याचे काम मुकादमाच्या निरोपावर अवलंबून आहे, त्याला स्वस्त तिकिटाची सर्वांत जास्त गरज असते आणि त्याचाच बेत सर्वांत आधी मोडतो.

माणसाला दिलेली सवलत

भारतीय रेल्वेवर सवलत हा शब्द परंपरेने वेगळ्या अर्थाने रूढ आहे. येथे सवलत गाडीला किंवा वेळेला जोडलेली नसून माणसाला जोडलेली असते. दिव्यांग, ठरावीक व्याधींनी पीडित रुग्ण, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक असे अनेक गट या यादीत होते. ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के व ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के अशी ज्येष्ठांची सवलत होती. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीच्या वेळी ती स्थगित करण्यात आली. त्यानंतर जे गट कायम ठेवण्यात आले त्यांत दिव्यांगांचे चार, रुग्णांचे अकरा आणि विद्यार्थ्यांचे आठ प्रकार होते.

ही सवलत रिकामी जागा भरण्यासाठी नाही. समाजाच्या वतीने रेल्वेने उचललेला तो भार आहे. साहजिकच तिच्या अटीही निराळ्या आहेत. बेत बदलू नये असे येथे कोणी म्हणत नाही. माणूस मात्र बदलता कामा नये. एका वेळी एकच सवलत मिळते. तिकीट काढतानाच ती मागावी लागते, मागाहून गाडीत मागता येत नाही. सवलतीचे तिकीट भाड्यातील फरक भरूनदेखील वरच्या वर्गाचे करून घेता येत नाही. आरक्षण शुल्क व अतिजलद गाडीचा अधिभार यांना ती लागू होत नाही.

तिकीट दुसऱ्याला देता येते काय, हा प्रश्न बेत बदलल्यावर हटकून निघतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या ५३ व्या कलमानुसार, नावाने दिलेले तिकीट त्याच व्यक्तीने वापरावयाचे असते. रेल्वे अधिकाऱ्याच्या अनुमतीने नाव बदलण्याची सोय त्याच कलमात आहे. त्यानुसार गाडी सुटण्यापूर्वी २४ तास अर्ज केल्यास आरक्षित तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती वा पत्नी यांच्या नावे एकदा करून मिळते. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाला आपल्या विद्यार्थिगटापुरते असे करता येते, मात्र त्यासाठी अर्ज ४८ तास आधी हवा. पण सवलत ही माणसाच्या आजाराला किंवा शिक्षणाला दिलेली असल्याने ती त्याच्या भावाकडे जाऊ शकत नाही. शायिकेचे नाव बदलता येईल, आजाराचे कसे बदलणार?

रुग्णाचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. मुंबईत परळ येथे १९४१ पासून चालू असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांपैकी बहुतेकांचा प्रवास रेल्वेनेच होतो. उपचारासाठी वा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात भाड्याची शंभर टक्के सूट मिळते, व त्याच्या सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र खिडकीवर दाखवावे लागते.

समजा, बिहारमधील एखाद्या गावचा रुग्ण आणि त्याचा मुलगा यांनी महिनाभर आधी शायिका राखून ठेवल्या आणि आठवड्यावर आलेली तारीख रुग्णालयाने चार दिवस अलीकडे आणली. रुग्णाचे भाडे मुळातच शून्य असल्याने त्याचे पैसे जाण्याचा प्रश्न फारसा नाही. मुलाच्या तिकिटाची गोष्ट वेगळी आहे. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या परतावा नियमांनी, गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून आधी तिकीट रद्द केल्यास शयनयानासाठी माणशी १२० रुपये कपात ठरविली होती. ४८ ते १२ तासांच्या दरम्यान भाड्याचा चौथा हिस्सा, १२ ते ४ तासांच्या दरम्यान निम्मा, आणि त्यानंतर काहीच परत नाही, असा क्रम होता. यातील पहिली रक्कम वर्गावर ठरते, भरलेल्या भाड्यावर नव्हे. म्हणून पूर्ण भाडे भरणाऱ्याला जी कपात किरकोळ वाटेल ती चतुर्थांश भाडे भरणाऱ्याच्या भाड्याचा मोठा भाग गिळते.

तथापि या कुटुंबाची खरी हानी रुपयांत मोजता येत नाही. त्यांची जागा गेली. चार दिवस आधीच्या गाडीत प्रतीक्षा यादी लांबलेली असणार. उरतो तो तत्काळ आरक्षणाचा मार्ग. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत गाडीच्या आदल्या दिवशी काही जागा जादा शुल्काने विकल्या जातात. परंतु तत्काळ तिकिटावर कोणतीही सवलत मिळत नाही. निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने स्वतःहून रद्द केल्यास परतावाही नाही. म्हणजे सवलत माणसाला दिलेली आहे असे आपण म्हणतो, पण त्याचा बेत अचानक बदलतो त्या क्षणी ती त्याच्या हातून निसटते आणि त्याला पूर्ण भाड्याच्या वर आणखी पैसे मोजावे लागतात. आणीबाणीच्या कोट्यातून अशा रुग्णाला जागा देण्याची तरतूद रेल्वेपाशी आहे. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागतो, आणि अनोळखी शहरात ते कार्यालय शोधणे हे आजारी माणसाच्या नातलगाला सोपे नसते.

वेळेला दिलेली सूट : २०२५ ची योजना

माणसाऐवजी वेळेला व बेताला जोडलेली सूट भारतीय रेल्वेवर पूर्वी विरळाच असे. तिचा एक स्पष्ट प्रयोग २०२५ च्या सणासुदीत झाला. दिवाळी आणि छठ या सणांच्या सुमारास मोठ्या शहरांतून उत्तरेकडे व पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते, आणि त्याच गाड्या उलट दिशेने येताना पुष्कळदा मोकळ्या असतात. काही आठवड्यांनी हाच ओघ उलटतो. जाण्याचा व येण्याचा प्रवास एकदमच ठरवून घेतला तर ही गर्दी थोडी विभागता येईल आणि जादा गाड्या दोन्ही दिशांना भरतील, असा विचार करून रेल्वेने जाण्यायेण्याची एकत्रित योजना जाहीर केली. १४ ऑगस्ट २०२५ पासून तिकिटे मिळू लागली. जाण्याची गाडी १३ ते २६ ऑक्टोबर या काळातील आणि परतीची १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळातील हवी होती. परतीच्या प्रवासाच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट होती.

अटी मात्र बारकाईने वाचण्यासारख्या होत्या. दोन्ही प्रवासांत माणसे तीच हवीत, वर्ग तोच हवा, आणि जेथून निघाले तेथेच परत आले पाहिजे. दोन्ही तिकिटे निश्चित मिळाली पाहिजेत. मागणीनुसार भाडे चढणाऱ्या गाड्या वगळल्या होत्या. परतीच्या तिकिटावर अन्य कोणतीही सवलत वा पास चालत नव्हता. कोणत्याही तिकिटात बदल करता येत नव्हता आणि भाडे परत मिळणार नव्हते.

आता हिशेब करू. सोयीसाठी शयनयानाचे एका बाजूचे मूळ भाडे ५०० रुपये धरू आणि इतर शुल्के बाजूस ठेवू. सुटीशिवाय दोन्ही प्रवासांचे १,००० रुपये होतात. योजनेत ९०० होतात. २० टक्के हा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो, पण तो केवळ परतीच्या भाड्यावर असल्याने एकूण बचत दहा टक्केच, म्हणजे १०० रुपये. बेत पूर्णपणे रद्द झाला आणि ते वेळेत कळले, तर त्या वेळी लागू असलेल्या २०१५ च्या नियमांप्रमाणे साध्या तिकिटांवर १२० व १२० मिळून २४० रुपये जातात आणि ७६० परत येतात. योजनेच्या तिकिटावर ९०० च्या ९०० जातात. याचा अर्थ असा की, १०० रुपयांच्या निश्चित लाभासाठी प्रवासी ७६० रुपयांचा परतावा पणाला लावतो. बेत मोडण्याचा संभव आठात एक याहून अधिक असेल तर साधे तिकीटच स्वस्त पडते. जाणे ठरल्याप्रमाणे झाले आणि केवळ परतीचा दिवस बदलला, तर पणाला लागतात ते ३८० रुपये, आणि समतोलाचा बिंदू साधारण चारात एक असा येतो.

हा संभव कोणाच्या बाबतीत किती हे बाहेरच्याने सांगणे अशक्य आहे. तरी एक आकडा विचारात घेण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्या वेळी कारण असे देण्यात आले की, ६१ ते १२० दिवस आधी केलेल्या आरक्षणांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होतात, आणि आणखी चार-पाच टक्के प्रवासी तिकीट रद्दही करीत नाहीत व येतही नाहीत. इतक्या आधी माणसाला आपला बेत सांगता येत नाही, हे रेल्वेने स्वतःच मान्य केल्यासारखे झाले. १४ ऑगस्टला काढलेले १७ नोव्हेंबरचे परतीचे तिकीट ९५ दिवस आधीचे होते, १ डिसेंबरचे १०९ दिवस आधीचे. या योजनेतील परतीच्या तिकिटापुरती ६० दिवसांची मर्यादा उठविलेली होती. ज्या अंतरावरील पाचांपैकी एक आरक्षण मोडते, त्याच अंतरावर न मोडता येणारे तिकीट विकले गेले.

म्हणून योजना वाईट होती असे नव्हे. शाळेची सुटी, कार्यालयाची मंजूर रजा आणि ठरलेले घर असणाऱ्या कुटुंबाला शंभर रुपये वाचले तर ते का सोडावेत? शिवाय सणाच्या गर्दीत परतीची निश्चित जागा तीन महिने आधी मिळणे हाच अनेकांच्या दृष्टीने मोठा लाभ होता, सूट त्यामानाने गौण. परंतु ज्याची रजा तोंडी आहे त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावयास हवा होता, आणि खिडकीवरील रांगेत तेवढा वेळ मिळत नाही.

येथे एक उलटी गोष्ट ध्यानात येते. ब्रिटनमध्ये सर्वांत स्वस्त तिकीट हे सर्वांत बांधलेले तिकीट असते. भारतात लांबच्या प्रवासाचे सर्वांत स्वस्त तिकीट म्हणजे द्वितीय वर्गाचे अनारक्षित तिकीट. त्याला विशिष्ट गाडीचे बंधन नाही, नाव नाही, जागाही नाही. २०० किलोमीटर वा त्याहून लांबचे असेल तर ते तीन दिवस आधीही काढता येते, त्याहून जवळचे असेल तर काढल्यावर तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. आपल्या गरीब प्रवाशाने बेत बदलण्याची मुभा राखून ठेवली आहे आणि तिच्या मोबदल्यात बसण्याची जागा सोडली आहे. हा सौदा त्याने खुशीने केला, असे साधारण डब्यातील गर्दी पाहून म्हणवत नाही.

बेत रेल्वेने बदलला तर

आतापर्यंत प्रवाशाचा बेत बदलल्याचा विचार केला. रेल्वेचाच बदलला तर बाजू पालटते. गाडीच रद्द झाली तर संपूर्ण भाडे परत मिळते. प्रवासी ज्या स्थानकावर चढणार तेथे गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि त्याने प्रवास न करण्याचे ठरविले, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट परत केल्यास कपात होत नाही. तिकीट रुग्णाचे वा विद्यार्थ्याचे सवलतीचे असले तरी, जेवढे भाडे भरले तेवढे परत मागण्याचा त्याला हक्क आहे. संगणकावरून काढलेल्या तिकिटाच्या बाबतीत यासाठी मागणीअर्ज दाखल करावा लागतो. त्याला रेल्वेच्या व्यवहारात टीडीआर म्हणतात. नाव मोठे रूक्ष आहे, पण ते माहीत नसल्यामुळे हक्काचे पैसे सोडून देणारे लोक बरेच भेटतात.

जोडगाडीचा नियम त्याहूनही कमी परिचित आहे. थेट तिकिटावर प्रवास करताना पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे जंक्शनवरची पुढची गाडी चुकली, तर झालेल्या प्रवासाचे भाडे ठेवून उरलेल्या अंतराचे भाडे कपातीशिवाय परत मिळते. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष येऊन पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करावे लागते. सामान सांभाळत पुढच्या गाडीची चौकशी करण्यात हे तीन तास सहज निघून जातात. तेव्हा सोबत कोणी असेल तर एकाने चौकशीच्या खिडकीकडे जावे आणि दुसऱ्याने तिकीट घेऊन थेट परताव्याच्या खिडकीवर उभे राहावे.